जन्मदर एकटा छापू नका : लोकसंख्या-संशोधकांना खुलं पत्र

लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या देशोदेशीच्या संशोधकांना,

सप्रेम नमस्कार.

२०२३ साली दक्षिण कोरियाचा एकूण प्रजनन दर, ज्याला बोलताना आपण जन्मदर म्हणतो, ०.७२ वर आला. आकडा जाहीर झाला आणि बघता बघता जगभर गेला. एक अख्खा देश नाहीसा होणार, अशी भाकितं त्याच्यामागोमाग निघाली. त्या बातम्या वाचणाऱ्यांपैकी किती जणांना हा दर म्हणजे नेमकं काय ते ठाऊक होतं? तो कुठल्याही खऱ्या बाईच्या मुलांचा हिशोब नसतो. एका वर्षात १५ वर्षांच्या, १६ वर्षांच्या, असं करत ४९ वर्षांपर्यंतच्या स्त्रियांना ज्या प्रमाणात मुलं झाली ते दर घ्यायचे. एकच बाई या सगळ्या वयांतून त्याच वर्षाच्या दरांनी गेली असती तर तिला किती मुलं झाली असती, ते त्यावरून काढायचं. अशी बाई अस्तित्वात नसते. तुम्ही हे अभ्यासाच्या पहिल्याच वर्षी शिकता. बातमी वाचणाऱ्याला ते कुणी सांगत नाही, आणि धोरणावर सही करणाऱ्या मंत्र्यालाही बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

मी तुमच्यापैकी नाही. तुमचे अहवाल आणि तक्ते आवडीनं वाचणारी एक वाचक आहे. हे पत्र मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहितेय, कारण आकडा तुमच्या हातून बाहेर पडतो आणि बाहेर पडताना त्याच्यासोबत काय द्यायचं ते तुम्ही ठरवता. माझं मागणं तेवढ्यापुरतंच आहे. जन्मदर एकटा छापू नका. ज्यांच्यावरून तो काढला त्यांना काय हवं होतं, त्यांच्यातलं कोण मोजायचं राहिलं आणि सरासरीखाली कोण दबलं, हे त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या टाइपात छापा.

आधी आकड्याबद्दलच बोलते. जपानमध्ये १९६५ साली हा दर २.१४ होता. १९६६ साली तो १.५८ वर कोसळला आणि १९६७ साली परत २.२३ वर गेला. त्या मधल्या वर्षी ना युद्ध होतं ना दुष्काळ. पंचांगाप्रमाणे ते 'अग्नी-अश्वा'चं वर्ष होतं. त्या वर्षी जन्मलेल्या मुली नवऱ्याला जाचक ठरतात अशी समजूत असल्यामुळे जोडप्यांनी बाळंतपणं अलीकडे-पलीकडे नेली. कुणी नुसता १९६६ चा आकडा हातात घेऊन धोरण आखलं असतं तर ते पुरतं फसलं असतं. पुढे १९८९ साली तोच दर १.५७ झाला, म्हणजे त्या अपवादात्मक वर्षाच्याही खाली गेला. या वेळी मात्र तो परतला नाही. जवळजवळ सारखेच दोन आकडे, पण एकात पुढे ढकललेले जन्म होते आणि दुसऱ्यात कायमचा बदल. दराकडे पाहून हा फरक कळत नाही. तो कळण्यासाठी त्या त्या पिढीतल्या स्त्रियांना आयुष्यभरात प्रत्यक्षात किती मुलं झाली ते पाहावं लागतं.

बोंगार्ट्स आणि फीनी या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये याचं साधं सूत्र मांडलं. आई होण्याचं सरासरी वय दर वर्षी ०.१ वर्षानं पुढे सरकत असेल, तर त्या काळातला दर खऱ्यापेक्षा सुमारे १० टक्के कमी दिसतो. १.८ दिसतो तिथे मूळ २ असू शकतो. या सूत्रावर आक्षेप आहेत आणि त्यावर तुमच्यात झालेले वाद मी वाचले आहेत. कोरियाची घसरण नुसत्या पुढे ढकलण्यानं स्पष्ट होत नाही, तिथे पिढ्यांची एकूण मुलंही खरोखर कमी झाली आहेत, हेही मान्य. माझं म्हणणं इतकंच की हा भेद तुम्हाला माहीत असतो, तुमच्या निबंधात तो असतो, आणि सारांशाच्या पानावर येईपर्यंत गळून पडतो. जगाचं वाचन सारांशाच्या पानावर संपतं.

२.१ या आकड्याचंही तसंच. तो 'प्रतिस्थापन पातळी' म्हणून, म्हणजे एका पिढीची जागा दुसरीनं घ्यायला बाईमागे इतकी मुलं लागतात म्हणून, जणू निसर्गनियमासारखा सांगितला जातो. प्रत्यक्षात तो बालमृत्यू कमी असलेल्या आणि जन्मावेळचं मुलामुलींचं प्रमाण नैसर्गिक असलेल्या समाजाचा आकडा आहे. जिथे मुली मोठ्या होईपर्यंत जगत नाहीत किंवा जन्मूच दिल्या जात नाहीत, तिथे एका पिढीची जागा दुसरीनं घ्यायला २.१ पुरत नाहीत. दक्षिण कोरियातच १९९० साली दर १०० मुलींमागे ११६ हून अधिक मुलगे जन्मत होते, आणि ते प्रमाण नैसर्गिक पातळीवर यायला सतराएक वर्षं लागली. ज्या मुली त्या काळात जन्मल्याच नाहीत, त्या आज आई होण्याच्या वयात असत्या. जन्म कमी का झाले, याच्या चर्चेत त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही.

हा काही तज्ज्ञांमधला बारीकसारीक वाद नाही. आकडा मंत्रालयात पोचतो आणि तिथून बाईच्या शरीरापर्यंत येतो. रोमानियात १९६६ साली जन्म कमी झाल्याच्या चिंतेतून हुकूम क्रमांक ७७० निघाला आणि गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. गर्भनिरोधकं फारशी मिळतच नव्हती, गर्भपात हाच लोकांचा मुख्य उपाय होता. एका वर्षात दर १.९ वरून ३.७ वर गेला. सत्ताधाऱ्यांना हवा तो आकडा मिळाला. मग बायकांनी चोरवाटा शोधल्या आणि पंधरा-वीस वर्षांत दर पुन्हा दोनच्या आसपास आला, पण त्या चोरवाटांवर हजारो जणी मेल्या. १९८९ च्या सुमाराला युरोपात बाळंतपण आणि गर्भारपणाशी निगडित सर्वाधिक मृत्यू रोमानियात होत होते, आणि त्यांतले बहुतेक असुरक्षित गर्भपाताचे होते. त्या डिसेंबरात बंदी उठली, आणि लगेचच्या वर्षात माता मृत्यूंचं प्रमाण निम्म्यावर आलं. रुग्णालयं, डॉक्टर, देशाची गरिबी, सारं तेच होतं. या मृत्यूंच्या दृष्टीनं मोठा बदल एकच, हुकूम गेला होता.

उलट दिशेचा इतिहास तुम्हाला अधिक परिचयाचा आहे, कारण त्यात तुमच्या शास्त्राचाही हात होता. भारतात आणीबाणीच्या काळातल्या सक्तीच्या नसबंद्या, चीनचं १९८० पासूनचं एक-मूल धोरण, पेरूमध्ये १९९० च्या दशकात गरीब आदिवासी स्त्रियांवर झालेल्या शस्त्रक्रिया, या सगळ्यांमागे 'लोकसंख्येचा स्फोट' दाखवणारे आलेख होते. चीननं २०१६ मध्ये दोन आणि २०२१ मध्ये तीन मुलांची मुभा दिली, तरी २०२३ साली तिथले जन्म २०१६ च्या जवळपास निम्म्यावर होते. इराणनं १९८९ पासून मोफत गर्भनिरोधकं आणि गावोगावची आरोग्यघरं यांच्या जोरावर, सक्ती न करता, जगातल्या सर्वांत वेगवान घटींपैकी एक घडवली. पुढे भीती उलट दिशेची झाली, २०२१ मध्ये नवा कायदा आला आणि सरकारी आरोग्यसेवेतलं गर्भनिरोधकांचं मोफत वाटप थांबलं. मुलं कमी करा म्हणणारं सरकार आणि जास्त करा म्हणणारं सरकार यांच्या हातात हत्यार एकच असतं.

१९९४ साली कैरोतल्या लोकसंख्येवरच्या परिषदेत १७९ देशांनी मान्य केलं होतं की लोकसंख्येची लक्ष्यं ठरवून माणसांना त्यांत बसवणं थांबवायचं, आणि किती मुलं, कधी, की मुळीच नको, हा निर्णय माणसांचा मानायचा. तो मजकूर तुमच्याच क्षेत्रातल्या अनेकांनी, विशेषतः स्त्री-आरोग्यासाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी, भांडून मिळवला होता. आज लक्ष्यांची भाषा परत आली आहे, आणि या खेपेला ती जन्म वाढवण्याची आहे. जगातले निम्म्याहून अधिक देश २.१ च्या खाली आहेत, त्यामुळे ती आणखी वाढणार. म्हणून हे पत्र आत्ता लिहिते आहे.

मग दरासोबत काय छापायचं? सर्वांत आधी, लोकांना काय हवं होतं ते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीनं २०२५ च्या अहवालासाठी १४ देशांतल्या १४,००० हून अधिक लोकांना विचारलं. सुमारे ३९ टक्क्यांनी सांगितलं की पैशाच्या अडचणींमुळे हवी तितकी मुलं झाली नाहीत किंवा होणार नाहीत. त्याच पाहणीत दर तीन प्रौढांमागे एकानं नको असताना गर्भधारणा झाल्याचं सांगितलं. या दोन गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. आपण देशांचे दोन गट पाडतो, 'जास्त मुलं होणारे' आणि 'कमी मुलं होणारे'. नको असताना दिवस जाणं आणि हवं असताना मूल न होणं हे मात्र एकाच देशात, एकाच घरात घडतं. एकाच बाईच्या आयुष्यातही घडतं. एकोणिसाव्या वर्षी नको असलेलं मूल आणि अडतिसाव्या वर्षी हवं असूनही न झालेलं मूल, हे दोन्ही तिचेच. सरासरीत ती 'एक मूल असलेली स्त्री' म्हणून नोंदली जाते.

'तुम्हाला किती मुलं आदर्श वाटतात?' या प्रश्नाची उत्तरं कितपत खरी, ही तुमची शंका मला ठाऊक आहे. मूल जन्मल्यावर ते नको होतं असं आई सहसा म्हणत नाही. नवरा किंवा सासू ऐकत असेल तर उत्तर बदलतं. परिस्थिती बिकट झाली की इच्छाच आक्रसते, आणि मग 'एकच हवं होतं' असं माणूस मनापासून सांगतो. तरीही विचारा. उत्तराच्या मर्यादा सांगून उत्तर छापा. काहीच न विचारता एका दरावरून राष्ट्राच्या मनाचा अंदाज बांधण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आणि वंध्यत्व. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे दर सहांतल्या एकाला, आयुष्यात कधी ना कधी याला सामोरं जावं लागतं. श्रीमंत आणि गरीब देशांत हे प्रमाण जवळपास सारखं आहे, फरक उपचारांत आहे. आफ्रिकेच्या ज्या भागांत जन्मदर उंच आहेत तिथेही उपचार न झालेल्या संसर्गांमुळे पहिल्या मुलानंतर पुन्हा दिवसच जात नाहीत, अशा कितीतरी जणी आहेत. पण देशाची सरासरी पाच असेल तर तिथल्या कार्यक्रमाचं सगळं लक्ष पाच खाली आणण्याकडे असतं. मूल होत नाही म्हणून टाकून दिलेली बाई त्या कार्यक्रमाला दिसतच नाही. तिला देशाचा जन्मदर कमी हवा की जास्त, याच्याशी काहीही देणंघेणं नाही.

कुटुंब कसं बदलतंय, हा भाग मला तुमच्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि नेमका तोच वर्तमानपत्रांपर्यंत पोचत नाही. फिनलंडचं उदाहरण पाहा. पालकत्वाची भरपूर रजा, प्रत्येक मुलाला पाळणाघराचा हक्क, उत्तम आरोग्यसेवा. जन्मदर हवा असेल तर हे सगळं करा, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. तिथला दर २०१० साली १.८७ होता, २०२३ साली १.२६ झाला. तुमच्या फिनिश सहकाऱ्यांनी खोदून पाहिलं तेव्हा दिसलं की घट मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मांतली आहे. ज्यांना एक मूल झालं त्यांना दुसरं पूर्वीसारखंच होत होतं. मुळात एकत्र येऊन, एकत्र टिकून, पहिल्या मुलापर्यंत पोचणारी जोडपी कमी झाली होती. दुसऱ्या मुलासाठी अनुदान जाहीर करणाऱ्या सरकारला हे सांगायलाच हवं. हंगेरीनं कर्जमाफी आणि करसवलतींवर मोठा खर्च केला. दर २०११ च्या १.२३ वरून २०२१ मध्ये १.६ च्या आसपास गेला आणि २०२४ पर्यंत पुन्हा १.४ च्या खाली आला. अनुदान वाया गेलं असं मी म्हणणार नाही, ज्या घरांना ते मिळालं त्यांचं जगणं सुसह्य झालं असेल. पण जोडीदारच मिळत नसेल, मिळालेला टिकत नसेल, घरकाम एकटीच्याच अंगावर पडणार हे आधीच दिसत असेल, तर तिथे अनुदानाचं काय चालणार?

दक्षिण कोरियात जवळजवळ सगळे जन्म लग्नाच्या चौकटीतच होतात, त्यामुळे लग्नं घटली की जन्म घटतात. फ्रान्समध्ये निम्म्याहून अधिक मुलं लग्न न केलेल्या आईबापांच्या पोटी जन्मतात. असं असताना दोन्हीकडे लग्नांची नोंद हाच कुटुंबाचा मापदंड धरला तर आपण काय मोजतोय? सहजीवन, फारकत, दुसरा संसार, एकट्यानं वाढवलेली मुलं यांची नीट नोंद ठेवा, आणि पुरुषांनाही विचारा. प्रजननाच्या जवळजवळ सगळ्या तक्त्यांत बाईच आहे. बाप कितव्या वर्षी झाला, किती वेळा झाला, मुलांसोबत राहतो का, मूल हवं होतं का, हे बऱ्याच ठिकाणी विचारलंच जात नाही. मग जन्म कमी झाले की बोटही बाईकडेच जातं. तिचं शिक्षण, तिची नोकरी, तिचं वाढलेलं वय, हीच कारणं दिली जातात, कारण आकडे तिचेच हाताशी असतात.

पाहणीत कोण येतं, यावर थोडं थांबते. तुमच्या मोठ्या आरोग्य पाहण्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांशी बोलतात. बांगलादेश, जॉर्डन, इजिप्त यांसारख्या देशांत तर पाहण्यांनी दीर्घकाळ केवळ लग्न झालेल्या किंवा कधी काळी झालेल्या स्त्रियांनाच विचारलं. अविवाहित मुलीला गर्भनिरोधकांची गरज किती, हे त्या तक्त्यांत सापडणार नाही, कारण तिला प्रश्नच विचारला गेला नाही. पन्नाशीपुढची बाई, जिच्याकडे नातवंडं सांभाळायला ठेवलेली असतात, तीही बाहेर. एकत्र राहतात आणि ज्यांचा स्वयंपाक एक ते एक कुटुंब, अशी व्याख्या बहुतेक पाहण्यांत असते. मोजणीच्या सोयीसाठी ती ठीक आहे, नाहीतर एकच माणूस दोन घरांत मोजला जाईल. पण आई परदेशात दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते आणि तिची मुलं आजीजवळ वाढतात, अशी लाखो कुटुंबं फिलिपिन्ससारख्या देशांत आहेत. त्या आईचे पैसे देशाच्या ताळेबंदात दर महिन्याला मोजले जातात. घराच्या यादीत तिचं नाव नसतं. बांधकामावर राहणारे, रस्त्यावर झोपणारे, वसतिगृहातले, तुरुंगातले यांचंही तेच. जे यादीत नाहीत त्यांचं आरोग्य सर्वांत वाईट असण्याची शक्यता अधिक, म्हणून ही गळती साधी नाही. ती देशाची सरासरी मुळातच बरी दाखवते.

सरासरी किती झाकू शकते याचं उदाहरण म्हणून भारताची २०१९-२१ ची पाहणी पाहा. देशाचा दर २.०. त्याच देशात बिहारचा जवळपास ३ आणि सिक्कीमचा १ च्या थोडा वर. 'भारताची लोकसंख्या स्थिरावली' आणि 'भारताची लोकसंख्या हाताबाहेर चालली' अशी दोन्ही भाषणं या एकाच पाहणीतून निघू शकतात, आणि निघतातही. आरोग्याच्या विषमतेत तर ही झाकपाक जिवावर बेतते. ग्लासगो शहरात कॅल्टन भागात जन्मलेला मुलगा जवळच्याच लेन्झीत जन्मलेल्या मुलापेक्षा सरासरी २८ वर्षं कमी जगतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं २००८ साली नोंदवलं. ते शहर एका श्रीमंत देशातलं आहे, उपचार तिथे मोफत मिळतात.

त्याआधी, १९६७ पासून, लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासानं आणखी महत्त्वाची गोष्ट दाखवली होती. त्यात कुणीही बेघर नव्हतं, सगळे पगारदार, सगळे कचेरीत काम करणारे. तरीही हुद्द्याची एकेक पायरी खाली उतरावं तसा मृत्यूचा धोका वाढत होता. अगदी वरच्याच्या खालचाही वरच्यापेक्षा लवकर जात होता. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशोबात धरूनही सगळा फरक मिटला नाही. म्हणून 'गरीब' आणि 'बाकीचे' असे दोनच रकाने करून भागत नाही. विषमतेचा उतार अख्खा दाखवावा लागतो.

आणि काही उतार पैशानं आणि शिक्षणानंही सपाट होत नाहीत. अमेरिकेत २०२३ साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या स्त्रियांचे १४.५ तर कृष्णवर्णीय स्त्रियांचे ५०.३ माता मृत्यू नोंदले गेले. त्यापूर्वीच्या विश्लेषणात दिसलं होतं की महाविद्यालयीन पदवी असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीला शाळाही पुरी न केलेल्या गोऱ्या स्त्रीपेक्षा अधिक धोका होता. रुग्णालयात तिचं दुखणं कुणी ऐकून घेतं का, हा प्रश्न त्या आकड्यात आहे. त्याच देशात २००३ पासून मृत्यूच्या दाखल्यावर, मेलेली बाई गर्भार होती का हे टिपायची चौकट आली. राज्यं एकेक करून ती वापरू लागली आणि नोंदलेले माता मृत्यू वाढत गेले. त्यांतली किती वाढ खरी आणि किती त्या चौकटीची, यावर तुम्ही अजून भांडता आहात. भांडा, पण कृष्णवर्णीय आणि गोऱ्या स्त्रियांमधली दरी नुसत्या चौकटीनं निर्माण झालेली नाही, हेही त्याच दमात सांगा. नाहीतर मोजणीतल्या चुकीचा आधार घेऊन अख्खा प्रश्नच निकालात काढला जातो. जगभरात २०२३ साली सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गर्भारपणात किंवा बाळंतपणात गेल्या, त्यांपैकी सुमारे ७० टक्के सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. यांतले बहुसंख्य मृत्यू कुठल्याच दाखल्यावर आलेले नाहीत. ते अंदाज आहेत, तुमच्या कष्टानं बांधलेले.

या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि तो या पत्रात यायलाच हवा. जिथे मृत्यूची नोंद होत नाही, तिथे देशाचा बालमृत्यू दर आईच्या तोंडून येतो. घरोघर फिरणारी मुलाखतकार तिला विचारते: किती मुलं झाली, पहिलं कधी, ते हयात आहे का, नसेल तर किती महिन्यांचं असताना गेलं, मग दुसरं. क्रमानं, एकेक करून. आई सांगते. विल्यम ब्रास या लोकसंख्याशास्त्रज्ञानं तर झालेल्या मुलांपैकी किती गेली, एवढ्यावरूनच बालमृत्यूचा अंदाज काढण्याची रीत बसवली, आणि जन्म-मृत्यूची नोंदच नसलेल्या देशांबद्दल जगाला पहिल्यांदा काही कळलं. त्या रीतीतही एक भोक आहे: जी आई स्वतःच मेली, तिच्या मुलांबद्दल सांगायला कुणी नाही. एचआयव्हीच्या साथीत हेच झालं, आई आणि मूल दोघंही मोजणीतून निसटले, आणि तुम्हाला त्यासाठी वेगळी दुरुस्ती करावी लागली. बांगलादेशातल्या मतलब या ग्रामीण भागात १९६६ पासून घरोघर जाऊन प्रत्येक जन्म, मृत्यू, स्थलांतर टिपलं जातंय. गर्भनिरोधकं दारापर्यंत आणून दिली आणि बायकांशी आदरानं बोललं तर सक्तीवाचून काय होतं, हे तिथूनच जगाला कळलं.

म्हणून २०२५ च्या सुरुवातीला जे झालं ते मला असह्य वाटतं. १९८४ पासून ९० हून अधिक देशांत ४०० हून अधिक पाहण्या करणारा लोकसंख्या व आरोग्य पाहण्यांचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम अमेरिकेनं मदत तोडल्यामुळे एकाएकी बंद पडला. पुढे तात्पुरता निधी उभा राहिला, काही काम सावरलं. पण कित्येक गरीब देशांसाठी बालमृत्यू, कुपोषण, गर्भनिरोधकांची उपलब्धता, घरातली मारहाण याबद्दलची विश्वासार्ह माहिती या एकाच ठिकाणाहून येत होती. विषमता दाखवणारे बहुतेक तक्ते तिथलेच. ते थांबले म्हणून विषमता थांबत नाही, फक्त तिच्याबद्दल बोलणाऱ्याच्या हातात पुरावा राहत नाही. तुमच्यातल्या काहींनी आवाज उठवला. पुष्कळांनी आपापल्या नियतकालिकांत संपादकीयं लिहिली, जी पैसे भरल्याशिवाय वाचता येत नाहीत. रस्त्यावरच्या माणसाला या पाहण्या काय असतात हेच माहीत नव्हतं, त्यामुळे त्या गेल्याचंही त्याला कळलं नाही.

आणि इथे माझं शेवटचं मागणं येतं. ज्या स्त्रियांनी अनोळखी मुलाखतकाराला आपल्या गेलेल्या मुलांची वयं सांगितली, नवऱ्यानं मारल्याचं सांगितलं, गर्भपाताचं सांगितलं, त्यांच्यापर्यंत तुमचा अहवाल कधी परत जातो का? तो इंग्रजीत असतो, शेकडो पानांचा असतो, राजधानीत प्रकाशित होतो. पुढच्या पाहणीच्या खर्चातच तेवढी तरतूद धरा. प्रत्येक जिल्ह्यासाठी चार पानं, तिथल्या भाषेत: इथे किती बायका बाळंतपणात दगावतात, शेजारच्या जिल्ह्यात किती, इथल्या बायकांना किती मुलं हवी होती आणि किती झाली, दवाखाना नसलेली गावं कोणती. ती पानं पंचायतीत, शाळेत, दवाखान्याच्या भिंतीवर लागू द्या. पुढच्या वेळी कुणी पाहण्यांचे पैसे तोडायला निघालं तर विरोध करायला फक्त प्राध्यापक उरणार नाहीत.

त्या चार पानांची भाषा सोपी करणं, तक्ते समजतील असे मांडणं, हे काम तुम्हाला अवघड वाटत असेल तर वाचकांना हाताशी घ्या. प्रत्येक भाषेत अशी माणसं सापडतील. माझ्या भाषेपुरतं ते काम मी करायला तयार आहे. पुढची प्रश्नावली ठरवाल तेव्हाच सांगा, म्हणजे अहवाल निघेपर्यंत थांबावं लागणार नाही.

आपली,
एक वाचक